उबुंटूचा पडदा काळा पडला? फॉरमॅटची घाई नको
आमच्या शाळेच्या लॅबमध्ये उबुंटू आहे. एकदा अपडेटनंतर एका कॉम्प्युटरचा पडदा काळाच राहिला. "फॉरमॅट मारा," असा सल्ला मिळाला. पण त्यात दहावीच्या मुलांचे प्रकल्प होते. आम्ही थांबलो, ते बरंच झालं. पडदा काळा पडला म्हणजे फाइली गेल्या असं नसतं.

आधी केबल पाहा. कोणतं रिझोल्यूशन चालेल, हे मॉनिटर केबलमधूनच कॉम्प्युटरला कळवतो. केबल सैल असेल तर चित्रच येत नाही, किंवा १०२४ बाय ७६८ वर अडकतं आणि अक्षरं फुगलेली दिसतात.

मग कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. लॉगिन मागणारी ओळ आली, तर सिस्टिम चालू आहे; बिघाड फक्त चित्र दाखवणाऱ्या भागात आहे.

आता रीस्टार्ट करताना शिफ्ट दाबून ठेवा. नव्या मशीनवर एस्केप दाबा. यादीत उबुंटूवर येऊन 'ई' दाबा. 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत सलग लिहा आणि एफ१० दाबा. यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला राहतो, साधं चित्र येतं. हा बदल तेवढ्यापुरताच टिकतो. म्हणून आधी फाइली पेनड्राइव्हवर घ्या, मग 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स'मधून योग्य ड्रायव्हर बसवा.

आम्हीही हेच केलं. मुलांचे प्रकल्प जसेच्या तसे मिळाले. फॉरमॅट हा शेवटचा इलाज आहे, पहिला नाही.