आखातातला सुट्टीचा दिवस

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडची आपली कितीतरी मुले आखातात कामाला आहेत. दर महिन्याला पैसे येतात. पण काम सुटल्यावर त्यांचा वेळ कसा जातो, हे आपण विचारतो का?

छावणीच्या एका खोलीत एकावर एक खाटा, स्वयंपाकघर सर्वांचे मिळून. कुवेत-कतारमध्ये सुट्टी शुक्रवारी. सकाळ कपडे धुण्यात जाते. मग घरून नेलेला मालवणी मसाला आणि कोकम बाहेर निघते, सुक्या बांगड्याची आमटी शिजते, शेजारचा केरळी नाहीतर नेपाळी सोबती जेवायला बसतो. संध्याकाळी मोकळ्या जागेत क्रिकेट, रात्री घरी फोन.

बाबासाहेबही परदेशात तात्पुरतेच राहिले. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला असताना ते फुरसतीत जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालीत. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे २,००० पुस्तके जमविली. सर्वांना ते जमणार नाही. पण आखातातला करार संपला की परतावेच लागते. तोवर सुट्टीत थोडे इंग्रजी, वेल्डिंग वा गाडी चालविणे शिकून घेतले, तर पुढे गावीही त्याचा आधार होईल.

आणि मायबहिणींनो, त्या रात्रीच्या फोनवर कर्जाचा हप्ता, घराचे पत्रे, लग्नाचा खर्च एवढ्यात काढू नका. आधी विचारा, "जेवलंस काय रे? झोप लागता मा?" आठवड्यातला तो एकच दिवस त्याचा स्वतःचा असतो.