एका महिन्यांतील दोन मृत्यू

सन १९०१ च्या जानेवारींत सहा दिवसांच्या अंतरानें दोन मृत्यू झाले. ता. १६ रोजीं मुंबईस न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे वारले. एकोणसाठावें वर्ष पुरें होण्यास दोनच दिवस उणे होते. ता. २२ रोजीं त्रेसष्ट वर्षांच्या राजवटीनंतर राणी व्हिक्टोरिया निवर्तल्या. राणीचें सुतक साऱ्या साम्राज्यानें पाळलें, व पुढें कलकत्त्यास तिचें संगमरवरी स्मारक उभें राहून १९२१ सालीं खुलें झालें. रानड्यांचें स्मारक कोठें पाहावें?

आमच्या मतें तें प्रथम व्यापारी बंधूंनीं आपल्या धंद्यांत पाहावें. केवळ शेतीवर विसंबणारा देश दरिद्रीच राहणार, येथें कारखाने निघाले पाहिजेत, हें रानड्यांनीं सरकारी नोकरींत असतां निर्भीडपणें मांडलें. १८९० सालीं निघालेली औद्योगिक सभा बव्हंशीं त्यांच्याच खटपटीचें फळ. त्यांचे अर्थशास्त्रविषयक निबंध १८९८ सालीं छापले गेले.

त्यांचा दोषही आम्ही झांकीत नाहीं. विधवाविवाहाचा हा कैवारी १८७३ सालीं स्वतः विधुर झाला, तेव्हां वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं विवाहबद्ध झाला! विरोधकांनीं त्याबद्दल त्यांस बोल लावला, तो रास्तच होता. परंतु घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध असतां त्यांनीं त्याच मुलीस शिकविलें. त्या रमाबाई वैधव्यांत कोपऱ्यांत बसून राहिल्या नाहींत. १९०९ सालीं निघालेल्या पुण्याच्या सेवासदनांतून त्यांच्या देखरेखीखालीं कित्येक स्त्रिया शिक्षिका व परिचारिका होऊन बाहेर पडल्या.