अळीचा जबडा आणि झाडावरची करवत

आंब्याच्या बुंध्याशी ओलसर भुसा साचलेला दिसला, की जुन्या बागेच्या मालकाला वेगळं सांगावं लागत नाही. भिरूड आत शिरली आहे. बोटाएवढी जाड, पांढुरकी अळी खोडाच्या आत बोगदा कोरत राहते आणि वर एकेक फांदी वाळत जाते. भोकात तारेचा आकडा घालून अळी ओढायची, औषधाचा बोळा कोंबायचा आणि वरून चिखल लिंपायचा, हा त्यावरचा उपाय. आज जगभर झाडांवर चालणाऱ्या पेट्रोल करवतींचे दात मात्र या अळीच्याच एका दूरच्या भाऊबंदाकडून आले आहेत.

१९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या तेव्हाच्या साखळी-करवतींना कंटाळला होता. त्या साखळ्यांचे दात सरळ टोकदार असत. ते लाकूड कापण्यापेक्षा खरवडत जास्त, आणि त्यांना धार लावता लावता दिवस सरत असे. एकदा त्याला ओंडक्यात लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी दिसली. आपली भिरूड याच कुळातली. ती अळी लाकूड उभं खात होती आणि आडवंही, कारण तिचा जबडा इंग्रजी सी अक्षरासारखा वाकलेला होता आणि ती आळीपाळीने डावीकडे, उजवीकडे चावे घेत होती. कॉक्सने तोच आकार पोलादात उतरवला. एक दात डावा, पुढचा उजवा. १९४७ मध्ये पोर्टलंड शहरात, घराच्या तळघरात त्याचा कारखाना सुरू झाला. ओरेगॉन नावाच्या साखळ्या आज जगभर विकल्या जातात.

साखळीची त्याआधीची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. १७८० च्या दशकात जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटलंडच्या दोन डॉक्टरांनी दातेरी कड्यांची लवचिक करवत पुढे आणली. दोन्ही टोकांना मुठी, आणि काम अडलेल्या बाळंतपणात हाडाचा सांधा कापण्याचं किंवा सडलेलं हाड काढण्याचं. १८३० च्या सुमारास जर्मनीच्या बर्नहार्ट हाइनेने साखळी पट्टीभोवती फिरवून तिला हाताचा दांडा जोडला. म्हणजे आजच्या यंत्राचा सांगाडा शस्त्रक्रियेच्या टेबलावर आधी तयार झाला. १९२६ मध्ये आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी करवत केली आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरची, पण ती यंत्रं पेलायला दोन माणसं लागत. एकट्याला उचलता येईल असं यंत्र सर्रास मिळू लागलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

झाडाला रोगी मानण्याची पद्धत आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, म्हणजे सहाव्या शतकात, आजारी झाडाचा उपचार सांगताना आधी शस्त्राने सडका भाग साफ करा, मग वावडिंग, तूप आणि चिखलाचा लेप द्या, असा क्रम आहे.

आता सिल्लोड. छत्रपती संभाजीनगरहून जळगावला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. भोवती मका, कापूस, मिरचीची शेतं आणि उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर. इथे दोघा-तिघांनी मिळून झाडांची कामं घ्यायची म्हटलं तर गिऱ्हाईक कोण असेल? घराच्या पत्र्यावर झुकलेला कडुलिंब, बांधावरची बाभूळ, विहिरीच्या काठावरची चिंच, म्हातारी गावरान आंब्याची झाडं, शाळेच्या आवारातला गुलमोहर. अजस्र जंगली झाडं क्वचितच. यंत्र निवडताना ही यादीच डोळ्यांसमोर हवी, पण बहुतेक जण दुकानात गेल्यावर आधी सीसी विचारतात. ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं स्वस्त यंत्र पुढ्यात येतं आणि ताकद जास्त म्हणून तेच घेतलं जातं. माझ्या मते पहिलं यंत्र म्हणून ते चुकीचं. लांब पट्टीचं टोक नजरेआड राहतं, आणि टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की करवत निमिषात उलटून चेहऱ्याकडे येते. साखळीला थांबवणारा ब्रेक १९७० च्या दशकात आला तो याच झटक्यासाठी. जमिनीवरच्या कामाला ४५ ते ५० सीसी आणि १६ किंवा १८ इंची पट्टी पुष्कळ झाली. फांद्यांना ३० सीसीच्या आसपासचं चार किलोचं यंत्र पुरतं. झाडावर चढल्यावर तर मनगटाएवढ्या फांदीला वाकड्या पात्याची हातकरवत बरी. ओढताना कापणारं तिचं पातं दाबाने वाकत नाही, म्हणून ते पातळ ठेवता येतं आणि कमी श्रमात चालतं.

खरा खेळ मिलिमीटरचा आहे. प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटका खुंट असतो. दाताने एका वेळी किती लाकूड उचलायचं ते हा खुंट ठरवतो, आणि दात आणि तो यांच्या उंचीतला फरक असतो साधारण ०.६५ मिलिमीटर. खुंट उंच राहिला तर साखळी नुसती घासते. फार घासून खाली नेला तर प्रत्येक दात अधाशासारखा रुततो आणि यंत्र हिसके देतं. लहान यंत्राच्या साखळीला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, पट्टीच्या लंबरेषेशी ३० अंशांचा कोन धरून, आतून बाहेर, प्रत्येक दाताला मोजून सारखेच हात. डाव्या बाजूला तीन आणि उजव्या बाजूला पाच हात मारले तर कापताना पट्टी एका अंगाला वळते, आणि मालक दोष देतो पट्टीला. धार आहे की नाही हे खाली पडणाऱ्या भुश्यावरून कळतं. धारदार साखळी लाकडाचे चपटे कपचे फेकते, बोथट साखळी पीठ पाडते. पीठ दिसू लागलं आणि हाताने दाबावं लागलं, की यंत्र बंद करून कानस काढावी.

गावातल्या झाडांचा एक खास वैताग म्हणजे लोखंड. कडुलिंबाला कधी काळी ठोकलेले पाटीचे खिळे, गुरं बांधायची साखळी, कुंपणाची काटेरी तार, हे सगळं खोड गिळून टाकतं आणि वरून साल बेमालूम मिळून येते. साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेगाने धावते. एका खिळ्यावर आपटली की पाच-सहा दातांची धार एका दमात जाते. म्हणून हातात धरायचा साधा धातुशोधक खोडावरून फिरवून घेणं ही उधळपट्टी नव्हे.

इंजिन टू-स्ट्रोक. जुन्या लुनासारखं पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावं लागतं. चांगल्या ऑइलवर ५० ला १ चं मिश्रण, म्हणजे लिटरला २० मिली. अनेक स्वस्त यंत्रांच्या पुस्तिकेत २५ ला १, म्हणजे ४० मिली. अंदाजाने बाटली ओतणाऱ्याचं पिस्टन आज ना उद्या चिकटतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि जुन्या यंत्रांच्या पुस्तिका बहुधा १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पाणी तळाशी बसतं, कार्बोरेटरचे रबरी पडदे कडक होतात. त्यामुळे आठवड्याला लागेल तेवढंच मिश्रण करावं आणि पावसाळ्यात काम थांबलं की टाकी रिकामी करून यंत्र बंद पडेपर्यंत चालवून ठेवावं. साखळीच्या टाकीत गाडीचं काढलेलं काळं ऑइल ओतण्याची रीत सगळीकडे आहे. त्यात लोखंडाचा बारीक चुरा असतो. फुकट मिळतं खरं, पण पट्टीच्या खाचा खातं.

यंत्रापेक्षा जपून घ्यायची वस्तू म्हणजे दोर. ३० सेंटिमीटर जाड आणि दोन मीटर लांब ओल्या फांदीचं वजन हिशेबाने १४० किलोच्या घरात भरतं. ती दोन मीटर खाली पडून दोराने अडवली आणि दोर अर्धा मीटर ताणला, तर दोरावरचा झटका क्षणभर १,४०० किलोपर्यंत जातो. दोर वरच्या कप्पीवरून खाली परतत असल्याने कप्पीच्या बेचक्यावर दोन्ही बाजूंचा ताण पडतो, म्हणजे जवळजवळ पावणेतीन टन. वाळवी लागलेला बेचका तिथेच तुटतो. म्हणून फांदी अडकवून झटक्याने थांबवायची नसते. खालच्या माणसाने बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन दोर हळूहळू सोडायचा असतो. बैलगाडीचा, विहिरीचा किंवा ताडपत्री बांधायचा दोर या कामाला वापरू नये. माणूस चढतो तो दोर वेगळा, लाकूड उतरवतो तो वेगळा, आणि दोन्हींची अदलाबदल कधीच नाही. चढणारा आपल्या दोरावर जी सरकती गाठ मारतो ती ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ओळखली जाते. ती १९३१ सालची. भार पडला की आवळते, भार काढला की हाताने सरकते.

अंगावरच्या कपड्यांतही एक नवल आहे. करवतीसाठीची विजार चिलखतासारखी साखळीला थोपवत नाही. तिच्या आत लांब, सैल धाग्यांचे थर असतात. साखळी कापडात शिरली की ती हे धागे ओढून घेते, धागे आतल्या चाकाला गुंडाळतात आणि इंजिन अडकून बंद पडतं. पहिल्या वर्गाची विजार सेकंदाला २० मीटरच्या वेगापर्यंत तपासलेली असते. उजव्या हाताच्या माणसाला जखमा बहुधा डाव्या पायाला होतात. मे महिन्यात सिल्लोडच्या उन्हात ही जाड विजार घालणं नकोसं होतं हे खरं. त्यावर मागे मोकळी, पुढून बांधायची पायढाल मिळते, आणि काम सकाळी सहाला सुरू करता येतं. विजार नाही म्हणून चपलेवर आणि लुंगीवर करवत चालवणारे लोक पाहिले की अंगावर काटा येतो. कानाला मफ, डोळ्यांपुढे जाळी आणि शिरस्त्राण हे वेगळं सांगायला नको.

शरीराला लागतं ते स्वतःचं असावं आणि डिझेलवर चालतं ते भाड्याने घ्यावं, असं मला वाटतं. ट्रॅक्टर, ट्रॉली, उंच उचलणारी गाडी रोज लागत नाही. कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाटीचा चुरा करणारं ट्रॅक्टरचं यंत्र मिळतं. कोवळ्या डहाळ्या त्यात जातात, बाभळीचे जाड फाटे मात्र टाकू नयेत. मोठं लाकूड वखारीत, बारीक जळतणाला. जेसीबीने झाड हलवून पाडण्याचा मोह टाळावा, कारण शेजारच्या झाडांच्या मुळ्या त्यात तुटतात.

परवानगीचा भाग थोडक्यात. गावाबाहेर १९६४ चा वृक्षतोड कायदा लागतो. त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग आहेत, म्हणजे स्वतःच्या बांधावरचा आंबाही विचारल्याशिवाय तोडता येत नाही. नगर परिषदेच्या हद्दीत १९७५ चा कायदा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. वीजवाहिनीजवळचं काम लाइन बंद करून जमिनीला जोडल्याची खात्री होईपर्यंत हातात घेऊ नये. ओलं लाकूड आणि अॅल्युमिनियमची काठी दोन्ही वीज वाहून नेतात. वडावर आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी करवत सुरू करू नये, आवाजाने आणि हादऱ्याने ते उठतं.

आणि अखेर तो काप, ज्यासाठी हे सगळं सामान. अमेरिकेच्या वनखात्यातले अॅलेक्स शायगो यांनी एकट्याने चालवायच्या करवतीने हजारो झाडं उभी चिरून आत पाहिलं. १९७७ मध्ये त्यांनी मांडलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. सडलेला भाग झाड आतल्या आत भिंती घालून वेगळा करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. फांदीच्या मुळाशी जी सुजल्यासारखी कडी दिसते, ती या बंदोबस्ताची जागा. तिला धक्का लागू द्यायचा नाही. त्यासाठी फांदी तीन वेळा कापतात. बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून एक तृतीयांश, मग थोडं पुढून वरून आरपार, म्हणजे फांदी साल सोलत खाली येत नाही, आणि शेवटी उरलेला खुंट कडीच्या बाहेरच्या कडेने. ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे, कारण सिमेंट वाकत नाही आणि झाड वाऱ्यात वाकतं. बोर्डो मलम मोसंबीच्या डिंक्यावर उपयोगी आहे, पण चुकीच्या कापावर लावलं म्हणून तो काप सुधारत नाही. पावसाळा उलटल्यावर त्याच झाडाकडे पुन्हा जावं. कापाभोवती नव्या सालीचा गोल, अखंड कडा चढला असेल तर जागा बरोबर होती. फक्त दोन बाजूंना कडा असून वर-खाली लाकूड उघडं असेल, तर करवत बुंध्याच्या फार जवळून गेली होती.