जड वजन आणि शंभर मीटर

महाराष्ट्र पोलीस भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, शंभर मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15 गुण. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. शंभर मीटरला पैकीच्या पैकी हवे असतील तर मुलाला 11.50 सेकंदांत यावं लागतं. त्यापुढच्या सेकंदाभरात आला की 12 गुण. 11.58 आणि 11.48 यांतला फरक डोळ्यांना दिसतही नाही, पण गुणांत तो तीनचा होतो. कटऑफ एकेका गुणावर अडतो हे माहीत असलेली बोरिवली, मुलुंड, घाटकोपरची पोरं त्या तीन गुणांसाठी काय वाटेल ते करायला तयार असतात. म्हणूनच त्यांना कुणी काय सांगतं याला फार महत्त्व आहे.

मैदानावर दोन सल्ले हमखास मिळतात आणि ते एकमेकांच्या उलट असतात. जुनी मंडळी सांगतात, ‘वजन मारू नको, पाय जड होतील, स्पीड मरेल.’ जिममधले म्हणतात, ‘धावायच्या आधी दोन जड स्क्वॉट मार, स्प्रिंगसारखा सुटशील.’

पहिल्या सल्ल्याचा निकाल लवकर लागतो. महिनोन् महिने नीट केलेल्या वजनाच्या व्यायामाने वेग मरत नाही, उलट सुरुवातीची मुसंडी वाढते. धावपटू, थाळीफेकपटू, कबड्डीतले चढाईपटू सगळेच आज वजन उचलतात. दुसरा सल्ला मात्र निम्मा खरा आहे, आणि जास्त घोटाळा तोच करतो.

जड वजन उचलल्यावर स्नायूत एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. एकीकडे थकवा येतो, दुसरीकडे स्नायू चेतवला जातो. दोन्ही ओसरतात, पण थकवा आधी ओसरतो. त्या दोहोंच्या मधली काही मिनिटं कामाची. ब्रिटनमधले संशोधक लियाम किल्डफ यांच्या गटाने 2008 मध्ये 20 व्यावसायिक रग्बीपटूंवर हे तपासलं. खेळाडूंनी आपल्या कमाल क्षमतेच्या 87 टक्के वजनाने तीन-तीन स्क्वॉटचे तीन सेट मारले आणि मग ठरावीक अंतराने उड्या घेतल्या. पंधरा सेकंदांनी मारलेली उडी नेहमीपेक्षा कमी भरली. आठव्या मिनिटाला मात्र ती सरासरीने सुमारे 5 टक्के वाढली होती. पुढे जे एकत्रित आढावे झाले त्यांतही चित्र साधारण असंच आहे: पहिल्या दोन-तीन मिनिटांत तोटा, पाच ते बारा मिनिटांच्या दरम्यान फायदा. म्हणजे ‘स्क्वॉट मारून लगेच धाव’ यातला ‘लगेच’ हा शब्दच चुकीचा.

स्नायू चेततो म्हणजे काय होतं? जोरदार आकुंचनानंतर मायोसिन या प्रथिनाच्या एका भागाला फॉस्फेट जोडला जातो आणि तेवढ्याच कॅल्शियमवर स्नायू जास्त जोराने ओढ घेतो. हे वेगवान तंतूंमध्ये अधिक दिसतं. पण हा परिणाम अल्पजीवी आहे, साधारण 28 सेकंदांत तो निम्म्यावर येतो. मग आठव्या मिनिटाला दिसणारी वाढ कशाची? अँथनी ब्लेझविच आणि निकोला बाबो यांनी 2019 मध्ये हाच प्रश्न नेटाने मांडला. त्यांच्या मते त्यामागे बहुधा स्नायूचं वाढलेलं तापमान, तंतूंमध्ये शिरलेलं पाणी आणि मेंदूकडून मिळणारी चालना ही कारणं असावीत. मला यातला तापमानाचा मुद्दा फार मोलाचा वाटतो. जड स्क्वॉटचा बराचसा फायदा जर अंग तापण्याचा असेल, तर ज्याने आधीच व्यवस्थित वॉर्मअप केलाय त्याच्या पदरात वजनाने फारसं नवं काही पडणार नाही.

‘जेवढं जड तेवढं चांगलं’ हाही एक लाडका समज. विल्सन आणि सहकाऱ्यांच्या 2013 च्या आढाव्यात कमाल वजनाच्या 60 ते 84 टक्क्यांदरम्यानच्या मध्यम वजनाने 85 टक्क्यांच्या वरच्या वजनापेक्षा जास्त लाभ दिसला. कारण साधं आहे, अति जड वजनाने येणारा थकवा उतरायला वेळ लागतो.

आणि हे सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. सायट्झ आणि हाफ यांच्या 2016 च्या आढाव्यानुसार सर्वाधिक फायदा बलवान खेळाडूंना होतो. पुरुषांमध्ये बलवान कोण, तर स्वतःच्या वजनाच्या 1.75 पट स्क्वॉट मारणारा. 65 किलोच्या मुलासाठी ते जवळजवळ 114 किलो होतात. भरतीची तयारी करणारे किती जण तेवढं उचलतात? ज्यांची ताकद कमी आहे त्यांना थकवा उतरायला आठ किंवा अधिक मिनिटं लागतात आणि लाभही तोकडा असतो. सहा महिन्यांपूर्वी जिमला लागलेल्या पोराला हा उपाय सांगणं मला पटत नाही.

आता खरी अडचण. अंधेरीत मरोळच्या पोलीस मैदानावर चाचणी द्यायची तर पहाटेच रांग लागते. कागदपत्रं, उंची, छाती, मग चेस्ट नंबर. आपला नंबर कधी पुकारला जाईल हे उमेदवाराच्या हातात नसतं. बोरिवलीच्या जिममध्ये स्क्वॉट मारून लोकलने अंधेरी आणि पुढे मेट्रोने मरोळ नाका गाठेपर्यंत ती पाच-बारा मिनिटं कधीच निघून गेलेली असतात, तापलेलं अंगही निवलेलं असतं. 2024 ची मैदानी चाचणी 19 जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली. ओल्या कपड्यांत तास-दीड तास बसलेल्या मुलाचे पाय गार पडतातच. रांगेत बसून एकेक पाय मिनिटाहून जास्त ताणून धरायची सवय तर आणखी वाईट. तेवढ्या लांब ताणानंतर लगेचचा जोर थोडा घटतो, हे बऱ्याच अभ्यासांत आढळलंय.

रांगेत करण्याजोगं काय, तर जागच्या जागी धावणं, गुडघे वर घेणं आणि पुकारा जवळ आला की चार-पाच पूर्ण जोराच्या उड्या. ग्रीसमधल्या एका संशोधनात 40 सेंटिमीटर उंचीवरून खाली उतरून लगेच वर झेपावण्याच्या पाच उड्यांनंतर अवघ्या 20 सेकंदांनी दोन्ही हातांनी खालून केलेली गोळाफेक लांबली होती. मुलांमध्ये फरक स्पष्ट होता, मुलींमध्ये नव्हता. उड्यांना ना रॅक लागतो ना बारबेल, आणि थकवा कमी असल्याने फार थांबावंही लागत नाही.

आदल्या दिवशी ‘शेवटचे कडक पाय’ मारणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. नव्या किंवा भरपूर व्यायामाने येणारी अंगदुखी एक ते तीन दिवसांत सर्वाधिक असते, म्हणजे नेमकी ग्राउंडच्या सकाळी.

आपल्याला काय मानवतं हे तपासायला भिंत आणि खडू पुरतो. चाचणीच्या निदान महिनाभर आधी करावं. बोटांना खडू लावून भिंतीला कडेने टेकायचं, हात वर करून एक खूण, मग जागेवरून उडी मारून दुसरी. दोन खुणांतलं अंतर मोजायचं. पूर्ण वॉर्मअपनंतर तीन उड्या, त्यांतली उत्तम लिहून ठेवायची. मग नेहमीच्या वजनाचे तीन स्क्वॉट, आणि चौथ्या, आठव्या, बाराव्या मिनिटाला पुन्हा उडी. हेच दुसऱ्या एखाद्या दिवशी वजनाला हात न लावता, तेवढीच मिनिटं चालत राहून करायचं. हा दुसरा दिवस कुणी करत नाही, आणि खरं उत्तर तिथेच असतं. दोन्ही दिवशी खुणा जवळपास सारख्याच आल्या, तर चाचणीच्या दिवशी वजनाचा विचार डोक्यातून काढून टाकावा आणि तोपर्यंतचे आठवडे शंभर मीटरच्या पहिल्या दहा पावलांवर घालवावेत.