घरातील अडगळ आणि मनातील आठवण

गेल्या काही वर्षांत गावोगावी जुनी कौलारू घरे उतरवून त्यांच्या जागी स्लॅबची नवी घरे उभी राहत आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. नव्या घरास आशीर्वाद देण्यासाठी कुटुंबे आम्हांस बोलावितात, आम्हीही हर्षाने जातो. परंतु घराच्या पुढील दारी तोरण लागलेले असते, तेव्हा मागील दारी बहुधा एक ढीग पडलेला दिसतो. फुटका रांजण, पाय मोडलेला पाट, काळवंडलेल्या तसबिरी, दोरीने बांधलेली गाठोडी. वीस-तीस वर्षे माळ्यावर निवांत पडलेल्या या वस्तू एका दिवसात उघड्यावर येतात, आणि त्यांचे काय करावे हा प्रश्न घरच्या माणसांपुढे उभा राहतो.

अशाच एका गृहप्रवेशाच्या दिवशी घरातील वृद्ध आजी आम्हांस कोपऱ्यात एकटीच बसलेली आढळली. सर्वत्र आनंद, आणि तिच्या मुखावर मात्र उदासी. चौकशी करता कळले की, तिची लग्नातील पत्र्याची पेटी आदल्या आठवड्यात भंगारवाल्याकडे गेली होती. मुलाचा हेतू वाईट नव्हता. पेटीला गंज चढलेला, कडी तुटलेली. जुने ओझे उतरले तर आईलाही बरे वाटेल, अशीच त्याची समजूत होती. पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळून ठेवलेले एक झबले होते, हे त्यास ठाऊक नव्हते. त्याच्या आधी जन्मलेले व चार महिन्यांतच देवाघरी गेलेले जे मूल, त्याचे ते झबले. मुलगा भंगारवाल्याकडे धावत गेला. पण तोवर माल पुढे रवाना झाला होता.

आजी आम्हांस एवढेच म्हणाली, “पेटी गेली तर गेली, फादर. पण कोणी विचारलं असतं, तर तिच्यात काय होतं ते मी सांगितलं असतं.”

तिच्या या शब्दांनी आम्हांस बराच विचार करावयास लावले. त्यानंतर काही दिवसांनी आम्हांस हैदराबादेस जाण्याचा योग आला. तेथील गनफौंड्री भागातील सेंट जोसेफ कथीड्रलात मिस्सा अर्पण करून आम्ही पायीच कोठीकडे निघालो. कोठी व सुलतान बाजार या परिसराशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींची शिक्षणसंस्था याच बाजूस आहे. आमच्या मराठीत कोठी म्हणजे धान्य साठविण्याची जागा. तेथे मात्र कोठी म्हणजे वाडा, हवेली. निजामाच्या दरबारी असलेल्या इंग्रज रेसिडेंटाचा जो भव्य वाडा या ठिकाणी उभा आहे, त्यावरूनच सबंध वस्तीस हे नाव पडले. १९४९ सालापासून त्या आवारात मुलींचे महाविद्यालय होते; आता तेथे महिला विद्यापीठ आहे.

कोठीत जुन्या पुस्तकांचा मोठा बाजार भरतो. दुकानांत आणि पदपथांवर पुस्तकांच्या थप्प्याच्या थप्प्या रचलेल्या असतात. तेथे चाळता चाळता आमच्या हाती एक लहानसे इंग्रजी प्रार्थनापुस्तक आले. पहिल्या पानावर निळ्या शाईने, वळणदार अक्षरात, एका आईने आपल्या लेकीस पहिल्या कम्युनियनच्या दिवशी दिल्याचे लिहिले होते. खाली तारीख होती. ते पुस्तक कोणत्या माळ्यावरून, कोणाच्या हातून त्या पदपथावर आले असेल? टाकणाऱ्याने पहिले पान उलटून तरी पाहिले असेल काय? आम्ही थोडे पैसे देऊन ते विकत घेतले. आईचे अक्षर आम्ही वाचू शकलो. परंतु ती आई कोण, ती लेक कोण, हे सांगणारे कोणीच उरले नव्हते.

ज्या वाड्यावरून या वस्तीस नाव मिळाले, त्या वाड्याचीही अशीच एक कथा आहे. १७९८ ते १८०५ या काळात जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक हा येथे रेसिडेंट होता. त्याने हैदराबादेतील एका खानदानी मुसलमान घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी विवाह केला. त्यांस एक मुलगा व एक मुलगी झाली. १८०५ साली, मुलगा चार वर्षांचा व मुलगी अवघी तीन वर्षांची असता, मुलांस शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आले. जाण्यापूर्वी मद्रास येथे जॉर्ज चिनरी या चित्रकाराने दोघा भावंडांचे मोठे चित्र रंगविले. मुले समुद्रावर असतानाच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, त्यांचा पिता कलकत्त्यास मरण पावला. आई १८१३ साली वारली. मुलांची व तिची पुन्हा दृष्टादृष्ट झाली नाही.

मुलीचे नाव इंग्लंडात कॅथरिन असे पडले. घरात तिला किटी म्हणत. ती मोठी झाली, तिचा विवाह झाला, आणि एके दिवशी एका परिचिताच्या घरी तिच्या दृष्टीस तेच बालपणीचे चित्र पडले. ते पाहताच तिला अश्रू आवरले नाहीत. पुढे १८४० नंतरच्या काळात हैदराबादेत हयात असलेल्या आपल्या आजीशी, शरफुन्निसा हिच्याशी, तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. एक इंग्रजीत लिहिणार, दुसरी फारसीत. मध्ये भाषांतर करणारे कोणी तरी. त्या वृद्ध आजीने आपल्या नातीस खैरुन्निसेच्या केसांची एक बट पाठविली. वाडा, दागदागिने, राजेशाही वस्त्रे यांतले काही किटीच्या हाती आले नाही. तिने पाहिलेल्या चित्राने तिला बाळपण परत दिले, आणि केसांच्या एका बटेने आई परत दिली. मात्र त्या बटेबरोबर पत्र होते. पत्र नसते, तर ती बट कोणाची हे कोणास कळले असते?

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. प्रार्थनापुस्तक टिकले, पण त्याची हकीकत हरवली. म्हणून ते रद्दीच्या भावाने विकले गेले. केसांची बट म्हणजे वस्तू म्हणून काहीच नव्हे. पण तिची हकीकत तिच्याबरोबर गेली, म्हणून ती अनमोल ठरली. आमच्या मते येथेच या प्रश्नाची किल्ली आहे. वस्तू जपावयाची ती तिच्यासाठी नव्हे, तर तिच्याबरोबर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीसाठी. जिची गोष्ट कोणी सांगत नाही, ती वस्तू माळ्यावर असूनही हरवलेलीच असते.

पवित्र शास्त्रही आपणांस हेच शिकविते. अरण्यात देवाने आपल्या लोकांस मान्ना दिला. ज्यांनी लोभाने दुसऱ्या दिवसासाठी तो साठवून ठेवला, त्यांच्या मान्नात किडे पडले व दुर्गंधी सुटली. परंतु त्याच अध्यायात, निर्गमाच्या १६ व्या अध्यायात, देवाचीच अशी आज्ञा आहे की, एक पात्रभर मान्ना पुढील पिढ्यांनी पाहावा म्हणून जपून ठेवावा. साठवण सडली; एक पात्र मात्र राहिले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे की, कराराच्या कोशात मान्नाचे सोन्याचे पात्र, अहरोनाची काठी व आज्ञांच्या पाट्या होत्या. चाळीस वर्षांच्या प्रवासाची स्मृती, आणि वस्तू अवघ्या तीन! आमच्या घरात तीनशे वस्तू असतात, आणि त्यांतील एकीचीही गोष्ट मुलांस ठाऊक नसते.

सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे उदाहरण तर आपल्या अगदी जिव्हाळ्याचे. युरोपातील आपल्या बांधवांची पत्रे त्यांस वर्षा-दोन वर्षांनी मिळत. सगळी पत्रे बरोबर बाळगणे त्या खडतर प्रवासात शक्य नव्हते. त्यांनी काय केले? पत्रांतील सह्या तेवढ्या कापून घेतल्या, आणि आपल्या व्रताच्या मजकुरासह त्या सदैव जवळ बाळगल्या. १५४६ साली पूर्वेकडील आंबोइना बेटावरून लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच हे कळविले आहे. ज्यांचे हृदय इतके प्रेमळ होते त्यांनीही सर्व काही ठेवले नाही. आणि जे इतके विरक्त होते त्यांनीही सर्व काही टाकले नाही. आपण या दोहोंमधील वाट धरावी.

आता प्रत्यक्ष कसे करावे, याविषयी चार शब्द.

पहिली गोष्ट, घरातील वडीलधाऱ्यांच्या पश्चात किंवा त्यांच्या नकळत एकही पेटी उघडू नये. त्यांस मध्ये बसवावे, वस्तू एकेक करून त्यांच्या हाती द्यावी आणि “ही कोणाची?” असे मुलांनी विचारावे. यहोशवाने यार्देन नदीतून बारा धोंडे काढून उभे केले, ते मुलांनी “हे धोंडे कशाचे?” असे विचारावे म्हणूनच. या कामास एक दिवस पुरणार नाही. चार संध्याकाळी लागल्या तरी लागू द्याव्या. आजीने एकदा गोष्ट सांगितली की, पुष्कळदा ती आपण होऊनच म्हणते, “आता हे द्या कुणाला तरी.” ऐकून घेतलेल्या माणसास वस्तू सोडणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट, कागद प्रथम निराळे काढावे. जमिनीचे खरेदीखत, फेरफार, वाटणीपत्र, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे ही आठवण म्हणून नव्हे, हक्क म्हणून जपावयाची असतात. स्नानसंस्काराचा दाखला हरवला तर धर्मग्रामाच्या नोंदवहीवरून पुन्हा मिळू शकतो. जुने खरेदीखत मिळविताना मात्र जोडे झिजतात. छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव व वर्ष लिहावे. हे काम नावे सांगणारे माणूस हयात आहे तोवरच होऊ शकते.

तिसरी गोष्ट, आशीर्वादित वस्तूंची. तुटलेली जपमाळ, भंगलेला क्रूस, विटलेली पवित्र चित्रे भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नयेत, की उकिरड्यावर टाकू नयेत. जे जळण्याजोगे असेल ते आदराने जाळून राख मातीत मिळवावी. जे जळत नाही ते पाय पडणार नाही अशा जागी पुरावे. झावळ्यांच्या रविवारच्या जुन्या झावळ्या चर्चमध्ये आणून द्याव्या. त्यांचीच राख पुढे राखेच्या बुधवारी आपल्या कपाळी लागते. ज्या वस्तू धड आहेत त्या एखाद्या नव्या संसारास द्याव्या. आजोबांची जपमाळ नातवाच्या हाती फिरू लागली, तर तिच्याहून मोठे जतन ते कोणते?

चौथी गोष्ट, उपयोगाच्या वस्तू उपयोगात आणाव्या. शुभवर्तमानातील त्या श्रीमंत शेतकऱ्याने जुनी कोठारे मोडून मोठी बांधण्याचा बेत केला, आणि त्याच रात्री त्याचे बोलावणे आले. चौथ्या शतकात याच दृष्टांतावर प्रवचन करताना सेंट बाझिल यांनी बजाविले की, पेटीत पडून राहिलेला अंगरखा उघड्यानागड्या माणसाचा आहे. तेव्हा धडके कपडे गरिबास द्यावे. चिंध्या मात्र देऊ नयेत, कारण तो दानधर्म नव्हे. आईची जुनी लुगडी कुजत ठेवण्यापेक्षा त्यांची गोधडी शिवावी, हे आपल्या आया-आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पितळेची भांडी मोडीत घालण्यापूर्वी प्रत्येक लेकीसुनेस एकेक द्यावे. आणि ही वाटणी आईच्या हयातीत, तिच्याच हाताने व्हावी. एका घंगाळावरून भावाभावांत अबोला धरलेली घरे आम्ही पाहिली आहेत. ज्या वस्तूने माणसे तुटतात, ती आईची आठवण कशी म्हणावी?

शेवटची गोष्ट, इतके करून जे उरेल त्यांतून प्रत्येक गेलेल्या माणसामागे एक वस्तू निवडावी. एकच. तिच्याबरोबर चार ओळींची चिठ्ठी ठेवावी, ही कोणाची व का जपली ते लिहावे. नोव्हेंबर महिन्यात, मृतांसाठी प्रार्थना करताना, ती वस्तू बाहेर काढून मुलांस दाखवावी. उरलेले कृतज्ञतेने निरोप देऊन सोडून द्यावे. वस्तू दिल्याने मृतांचे प्रेम कमी होत नाही. आपल्या पतीशेजारी पुरले जावे म्हणून सेंट मोनिका हिने जागा योजून ठेविली होती. परंतु ३८७ साली घरापासून दूर ओस्तिया येथे मरण आले, तेव्हा तिने तो आग्रह सोडला आणि वेदीपाशी आपले स्मरण करावे, एवढेच पुत्रापाशी मागितले.

कोठीच्या पदपथावरून आणलेले ते प्रार्थनापुस्तक आमच्या मेजावर आहे. त्या अज्ञात मायलेकींस आम्ही मिस्सात आठवितो. त्या घरची आजीही अधूनमधून चर्चमध्ये भेटते. झबले परत मिळाले नाही. परंतु त्या दिवसानंतर तिच्या मुलाने आईपाशी बसून त्या चार महिन्यांच्या भावाची सारी हकीकत प्रथमच ऐकली, आणि आता त्या घरात रात्रीच्या रोजरीत त्या बाळाचेही नाव घेतले जाते.

वाचकहो, आपल्याही घरी माळ्यावर एखादी पेटी असेल, आणि तिची गोष्ट जाणणारे माणूस खाली ओसरीवर बसलेले असेल. आज रोजरी झाली की त्यांच्यापाशी जा, आणि पेटी उघडण्यापूर्वी एवढेच विचारा, “आजी, हिच्यात काय आहे?”