बांबोळीला जाताना डॉक्टरांची चिठ्ठी
फॅमिली डॉक्टर ‘गोमेकॉत दाखवा’ म्हणतात, तेव्हा त्यांची चिठ्ठी तिथेच वाचून घ्यावी. नुसते ‘छातीत दुखते, तपासावे’ एवढ्याने तज्ज्ञांना फारसे कळत नाही. दुखणे कधीपासून, चालताना की बसल्यावर, कोणत्या औषधाने काय फरक पडला आणि तज्ज्ञांना नेमके काय विचारायचे आहे, हे त्यात असावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा औषधाची अ‍ॅलर्जी असेल, तर ते ठळक लिहून घ्यावे. शस्त्रक्रियेवेळी तेच जिवावर बेतू शकते. जुना ईसीजी, गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. परतल्यावर तिथले कागद आपल्या डॉक्टरांना दाखवावेत. पुढे औषधपाणी तेच पाहणार. मात्र छातीत आत्ता दुखत असेल, तर चिठ्ठीसाठी थांबू नये. १०८ ला फोन करावा.