फोटोतलं काळं कुंकू

बराकपूरला हुगळीच्या काठावर शहीद मंगल पांडे उद्यान आहे आणि तिथे मंगल पांडेचा पुतळा आहे. 29 मार्च 1857 रोजी इथल्या परेड ग्राउंडवर त्याने गोऱ्या अधिकाऱ्यांवर बंदूक रोखली आणि 8 एप्रिलला त्याला फाशी झाली. खटल्याचे कागद आहेत, साक्षीदारांच्या जबान्या आहेत. चेहरा मात्र नाही. खरा म्हणून सर्वमान्य झालेला त्याचा एकही फोटो नाही, समोर बसवून काढलेलं चित्रही नाही. 1984 साली टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं, त्याची रचना सी. आर. पाकराशी यांनी केली; नाक-डोळे कल्पनेनेच बसवावे लागले. 2005 च्या चित्रपटानंतर तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आमिर खानच्या मिशाच येतात. याच बराकपूर उपविभागाच्या दक्षिण भागात दक्षिणेश्वर आहे. तिथल्या रामकृष्ण परमहंसांचा चेहरा मात्र आपल्याकडच्या कितीतरी देवघरांतही ओळखीचा आहे, कारण त्यांचे फोटो निघाले आणि त्या फोटोंवरून पुढे चित्रं झाली. घरातल्या गेलेल्या माणसांची चित्रं फोटोवरून करून घ्यावीत का, याचा विचार करायला ही दोन टोकं सोयीची आहेत.

हल्ली अशी चित्रं करून देणारे चित्रकार गावोगाव आहेत आणि वारसा जपण्याचा उपाय म्हणून लोक ती करूनही घेतात. पण फोटोवरून काढलेलं चित्र फोटो जपत नाही. फोटो जपायला फोटोच जपावा लागतो. चित्र जपतं ते फोटोत कधी नव्हतंच ते: रंग, आणि त्या माणसाला पाहिलेल्यांची आठवण. म्हणून चित्र करायचंच तर ती आठवण सांगणारं कुणीतरी हयात असताना करावं, आणि त्यातलं काय फोटोतून आलं, काय आठवणीतून आलं, काय चित्रकाराने मनचं घातलं, याची नोंद ठेवावी. नोंद नसली की दोन पिढ्यांत ते चित्र मंगल पांडेच्या तिकिटाशेजारी जाऊन बसतं.

रंगाचंच पाहा. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटांना फक्त निळा आणि जांभळा प्रकाश दिसायचा. पुढे हिरवा दिसू लागला, पण तांबडा बराच काळ दिसत नव्हता. सगळे रंग टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेटा बाजारात आल्या त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि साध्या स्टुडिओंपर्यंत पोचायला त्यांना आणखी वेळ लागला. परिणाम असा की जुन्या फोटोत कुंकू काळं दिसतं. बंगाली बाईच्या भांगातला सिंदूर काळा, आपल्याकडचं लाल लुगडं काळं, आणि फिकट निळी साडी जवळजवळ पांढरी. पांढऱ्या साडीचा अर्थ त्या काळच्या समाजात काय होता हे सांगायला नको. म्हणजे तो फोटो पाहून पणतू आपल्या सवाष्ण पणजीला विधवा समजू शकतो. पिवळा रंगही गडद उतरतो, त्यामुळे सोन्याची ठुशी काळपट दिसते. गोऱ्या-सावळ्याचं तर विचारूच नका; त्या प्लेटांवर आपल्या कातडीचा रंग होता त्याहून गडद यायचा. फोटो खोटं बोलत नाही असं आपण म्हणतो, पण हा सगळा खोटेपणा फोटोचाच आहे आणि तो दुरुस्त करायचा तर रंगांचा डबा आणि विचारायला माणूस, दोन्ही लागतात.

स्टुडिओवाल्यांना हे ठाऊक होतं. म्हणूनच कोलकात्यात काय, मुंबईत काय, फोटोग्राफरच्या पदरी रंगारी असायचे. कधी छापावर पातळ जलरंगाचा हात फिरवायचे, कधी जाड रंग असा चढवायचे की खालचा फोटो शोधूनही सापडू नये. अशा रंगवलेल्या फोटोंचा मोठा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे. ज्यांच्या खिशाला परवडायचं ते कॅनव्हासवर तैलचित्र करून घ्यायचे. न परवडणाऱ्यांचे मार्गही होतेच. बंगालमध्ये गेलेल्या माणसाच्या तळपायांना आळता लावून कागदावर ठसे घेतात आणि ते फोटोच्या शेजारी चौकटीत लावतात. फोटोवर चंदनाचे ठिपके, रजनीगंधाचा हार. आपल्याकडे चंदनाच्या सालीचा हार आणि दाराच्या वर भिंतीशी कललेली फ्रेम. रूप ठेवायची ओढ दोन्हीकडे एकच.

आता रामकृष्णांकडे येऊ. हयातीतले त्यांचे तीन फोटो प्रसिद्ध आहेत. पहिला 1879 सालचा, केशवचंद्र सेनांच्या घरचा. दुसरा 1881 सालचा, राधाबाजारातल्या स्टुडिओतला. आणि तिसरा, पद्मासनातला, घराघरांत पुजला जाणारा, 1883-84 च्या सुमारास दक्षिणेश्वरच्या देवळाच्या आवारात अविनाशचंद्र दाँ यांनी काढलेला. या तिसऱ्याची एक हकीकत भक्तपरंपरेत सांगतात: काचेची निगेटिव्ह हातातून निसटून तडकली, तेव्हा अविनाशबाबूंनी फुटका भाग वगळण्यासाठी वरची बाजू गोलाकार कापली. डोक्यामागे जी कमान दिसते, तिला बघणारा प्रभावळ समजतो. हकीकत खरी धरली तर ती कमान अध्यात्मातून आलेली नसून फुटक्या काचेतून आलेली आहे. पुढे फ्रँक ड्वोराक या प्रागच्या चित्रकाराने रामकृष्णांचं आणि त्यांच्या पत्नी सारदादेवींचं तैलचित्र केलं. रामकृष्णांना तो कधी भेटलेला नव्हता, त्याला आधार होता तो फोटोचा. सारदादेवींचा तर पहिला फोटोच निघाला 1898 साली, सारा बुल या अमेरिकन शिष्येच्या आग्रहावरून. एरवी त्या घुंघटाबाहेर यायच्या नाहीत. इथे फोटो, त्याची तारीख, चित्र, चित्रकार ही साखळी कागदावर शाबूत आहे. म्हणून ड्वोराकने काय बदललं हे कुणालाही मूळ फोटोशेजारी धरून तपासता येतं. हा सन्मान आपल्या आजोबांच्या वाट्याला क्वचितच येतो.

यावर पहिला आक्षेप कलेच्या बाजूचा असतो: फोटोवरून काढणं ही नक्कल, ती कसली कला? हा आक्षेप मला कधीच पटलेला नाही. राजा रविवर्म्याने फोटोंचा आधार सर्रास घेतला. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळराव देऊसकरांची बालगंधर्वांची चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. रंगमंदिर उघडलं 1968 मध्ये आणि बालगंधर्व गेले 1967 मध्ये. ऐन तारुण्यातलं ते नऊवारीतलं रूप समोर बसवून काढणं शक्यच नव्हतं. ते चित्र नक्कल आहे असं म्हणायला माणूस धीटच हवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चित्रकार गिऱ्हाइकाच्या मनासारखं करतो: सुरकुत्या पुसतो, रंग उजळ करतो, गळ्यात नसलेला दागिना घालतो, कधी एकत्र न बसलेल्या नवरा-बायकोला एका कोचावर बसवतो. हे घडतं, आणि सर्रास घडतं. पण स्टुडिओतला फोटोही निरागस नसायचा. मागचा महाल पडद्यावर रंगवलेला, हातातलं पुस्तक स्टुडिओचं. खरी अडचण सजवण्यात नाही, सजवल्याची नोंद न ठेवण्यात आहे. मराठी माणसाला याचा पुरावा दूर शोधायला नको. इब्राहिम खान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र आपल्याकडे वर्षानुवर्षं शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी 1933 साली महाराजांचं अस्सल चित्र उजेडात आणलं, तेव्हा तो घोटाळा मिटला. छत्रपतींच्या बाबतीत हे होतं, तर तुमच्या-आमच्या पणजोबांना कोण विचारतो?

तिसरा आक्षेप आजचा. फोटो स्कॅन करा, मोबाइलमधलं अ‍ॅप रंग भरून देतं, चित्रकार हवा कशाला? स्कॅन तर कराच, त्यात वादच नाही. कोलकात्याच्या बोर्न अँड शेफर्ड या नामांकित स्टुडिओला 1991 साली आग लागली आणि जुन्या निगेटिव्हचा मोठा साठा गेला. 2016 मध्ये स्टुडिओही बंद झाला. तिथे फोटो काढून घेतलेल्या घराण्यांकडे आता हातात उरलेली प्रत तेवढीच. हुगळीकाठच्या दमट हवेत फोटोवरच्या जिलेटिनला बुरशी धरते, कोकणातही तेच. तैलचित्रही त्या हवेत अमर नाही, कॅनव्हास सैल पडतो, रंगाला भेगा जातात. रंगाबद्दल मात्र अ‍ॅपवर भिस्त ठेवू नये. ते हजारो फोटोंवरून सरासरी काढतं आणि त्या सरासरीत तुमच्या आजीची डाळिंबी इरकल बसत नाही. चित्रकारालाही ती ठाऊक नसते, पण चांगला चित्रकार कामाला हात घालण्याआधी विचारतो: काठ कुठला होता, डोळे घारे होते का, कुंकू आडवं लावायच्या की गोल? उत्तरं हाती आली तर ती अ‍ॅपला सांगितली तरी माझी हरकत नाही. विचारायला कुणी उरलेलं नसेल तर मात्र रंगीत चित्राचा हट्ट सोडावा आणि फोटो आहे तसा काळा-पांढराच ठेवावा.

तेव्हा चित्र करून घेणार असाल तर मूळ फोटो टाकून देऊ नका, फ्रेममधून काढून आम्लविरहित कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने नाव, गाव आणि साल लिहा. बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आणि चित्राच्या मागे चिठ्ठी लावा: कोणत्या फोटोवरून केलं, कोणी केलं, कोणत्या साली, साडीचा रंग कोणी सांगितला, आणि काय पदरचं घातलं. घरातली आत्या किंवा मावशी ऐंशीच्या पुढे असेल तर हे काम दिवाळीपर्यंत लांबवू नका.